बाटलीतला धूर

वाशीच्या भाजी मार्केटात माझ्याबरोबर यायला
लेक आता तयार नसते.
सगळे भेंडीचं टोक मोडून बघतात,
मी शिरा बघते,
आणि कुठे पिवळी दिसली की भाव सोडून
गाव विचारते.

नेरुळच्या सोसायटीत पाटीवर डॉक्टर लिहिलंय.
पहिल्याच आठवड्यात गुप्तेकाका
रक्तदाब मोजायला आले होते.

आमच्याकडे आजारांची नावं देखणी :
केवडा, भुरी, काजळी, तांबेरा.
एकाच घरातल्या चार बहिणी जशा.
करपा तेवढा बोलल्याप्रमाणे वागतो,
असं मला वाटायचं.

मुरबाडला नोकरीचं पहिलं वर्ष.
सरळगावच्या पुढे जयवंती भेरेंच्या खाचरात
कडेनं वाळत आलेलं पान धरून
मी म्हणाले, करपा.
वर औषधाची चिठ्ठी. सहीसुद्धा ऐटीत.
त्यांनी पान माझ्या हातातून काढून घेतलं,
उन्हात धरलं :
"करप्याला डोळा असतो ना, ताई?
याचा डोळा कुठाय?"

रात्री खोलीवर
दाढीच्या नव्या ब्लेडनं ते पान कापलं,
जॅमच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून सोडलं,
ट्यूबलाइटसमोर धरलं.
कापल्या जागेतून हळूच
पांढरट धूर पाण्यात उतरू लागला.
उदबत्तीचा जातो वर, हा खाली.
लाखो जिवाणू, घाई नसलेले.
करपाच, पण कडा करपा :
आडनाव तेच, घराणं वेगळं.
माझ्या चिठ्ठीनं त्यांचं काहीच बिघडलं नसतं.

सकाळच्या एसटीनं परत गेले.
चिठ्ठी तिथेच होती, मिठाच्या बरणीखाली.
"आणलं नाही औषध. म्हटलं, याल."
मी म्हणाले, पाणी काढा, युरिया थांबवा.
आणि चुकलं माझं.
शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं की नाही
कळलं नाही. त्या बांध फोडायला गेल्या होत्या.

त्याला एकतीस वर्षं झाली.
पुण्याच्या बढतीचं पत्र दोनदा परत केलं,
कारण विचारलं तर घरचं सांगितलं.
जुन्या वर्तमानपत्रांत दाबलेली हजारेक आजारी पानं
कपाटात आहेत. निरोगी एकही नाही.

आज दुपारी ओंकारचा फोटो आला शहापूरहून.
नवीनच आहे पोरगा.
खाली फक्त : "मॅडम, करपा. औषध सांगू का?"
मी लिहिलं : डोळा आहे का?
दोन निळ्या खुणा. मग काही नाही.

साडेसात वाजले.
मी भेंडी चिरत बसलेय.
फोन विळीशेजारी, पालथा.
बोटं चिकट आहेत, नाहीतर
मीच केला असता.