इतर

पाचशे किलोमीटरवरून
हातभर जागा म्हणजे एक ठिपका.
तळ्याच्या पाळीलगतचे दहा हजार ठिपके
मागच्या फेरीत लालबुंद होते.
अवरक्त चित्रात हिरवं लाल उमटतं,
जितकं माजलेलं तितकं लाल.
या फेरीत काळे.
वरून निरोप: हिरवळ घटली, जाऊन पाहा.

साकोलीहून फटफटीने गेलो.
टॅबवर चार चौकोन:
वणवा, तोड, अतिक्रमण, इतर.

पाळीवर बेशरमीचे ढीग, मुळ्या उन्हाकडे.
कौतिका वलथरे कमरेएवढ्या पाण्यात.
"लाल दिसे का थे? दिसनच.
दहा साल माजली होती.
जाराले अडके, डोंगा फसे,
मासोरी अंडे देत नोती तिच्यात."
मग चिखलाचं बोट उचलून दाखवलं:
इथे चिला लावला, तिथे गाद,
वीतभर पाण्याखाली.
चित्रात नाही.
पुढच्या फेरीतही नसेल बहुधा.

लुगड्याला हात पुसून तिने टॅब मागितला.
अकरा फेब्रुवारी, सकाळी दहा बेचाळीस.
पाळीवर सतरा बाया,
डोकी ठिपक्यात जेमतेम,
सावल्या मात्र पुऱ्या उंचीच्या.
तिने दोन बोटांनी चित्र ताणलं,
ते फुटून चौकोन चौकोन झालं,
परत आखडलं.
"हे वाकडी सावली माही.
टोपलं हाये डोक्यावर."

'इतर'वर खूण केली.
खाली कारणासाठी वीस अक्षरांची जागा.
'बेशरम काढली' यात सात गेली.
उरलेल्या तेरांत
सतरा बाया बसेनात.