चकतीला घर

कळंबच्या स्टँडसमोर, रसवंतीला पाठ लावून
माझं दुकान आहे, साडेसहा बाय आठ.
काचा, कव्हरं, चार्जर, गुंता झालेल्या वायरी.
माणसं इथे महागड्या वस्तूंना
स्वस्त कपडे घ्यायला येतात.

हसीनाबी आल्या त्या दिवशी बाजार होता.
पदराची गाठ दातांनी सोडून
त्यांनी काउंटरवर एक पांढरी चकती ठेवली,
शर्टाच्या मोठ्या गुंडीएवढी.
"नातवानं दिली. कुठं हाय ते सांगती म्हनं.
हिला कायतरी घाल अंगावर."
कशाला लावायची, मी विचारलं. किल्ल्यांना?
"शेळीला."

होती तेवढी मांडली मी:
गुलाबी, चमकीची,
अस्वलाच्या कानांची एक.
त्यांनी कान चिमटीत धरून पाहिले.
"शेळी हाय बाबा, नवरी न्हाई."

मग काळं रबराचं नेलं, साठ रुपयांचं.
चौथ्या दिवशी शेजारच्या बोकडाने ते खाल्लं.
चकती तेवढी लेंड्यांत सापडली, साफ,
एक दात उमटलेली.

पुढची युक्ती त्यांचीच:
मरहूम नवऱ्याची चुन्याची डबी.
चकती आत अशी बसली
जणू डबी तिचीच वाट बघत होती इतकी वर्षं.
झाकण गच्च. पाणी नाही, काटा नाही, बोकड नाही.
आणि ठिपकी समोर उभी राहून रवंथ करतेय
तर फोन म्हणतो, शेवटची दिसली परवा.

"खोटं बोललालाय ह्यो."
खोटं नाही आजी, पत्र्यातून आवाज बाहेर येत नाही तिचा.
त्यांनी डबी कानाला लावली.
बराच वेळ लावून ठेवली.
मग उघडली, फुंकर मारली, कनवटीला परत खोचली
नुसतीच, रिकामी.

लिंबाजी जनावरांच्या दवाखान्यापुढे बसतो,
बैलांचे म्होरके, घुंगरांचे पट्टे शिवत.
माझं गिऱ्हाईक मीच त्याच्याकडे घेऊन गेलो,
धंद्यात असं करू नये.
त्याने चकती तळहातावर उलटीसुलटी केली,
अंगठ्याच्या पेराने मापली.
"सेल बदलायचा आसतो का हिचा?"
वर्षाने एकदा.
"मंग शिवून टाकून चालायचं न्हाई. बटन ठिवतो."
कातडं जुन्या पट्ट्याचं, मऊ झालेलं,
दोऱ्याला मेण.
झडप खालून वर, म्हणजे पाऊस आत जायचा नाही,
आणि कडा मुडपून आत,
बाभळीला धरायला काही उरलं नाही.
पट्ट्याखाली दोन बोटं सरकवून पाहिली त्याने,
सरकली, तेव्हाच हात काढला.
माझ्या भिंतीवर लटकलेल्या एकशेचाळीस कव्हरांपैकी
एकालाही कुणी असं मापलं नव्हतं.

पौषात एका दुपारी हसीनाबी धापा टाकत आल्या
डिकसळहून, पायी. ठिपकी सकाळपासून नाही.
फोन माझ्यापुढे धरला. मुका.
मी समजावून सांगितलं:
ही चकती एकटी काही बोलत नाही, आजी.
जवळून कुणाचा तरी फोन जावा लागतो,
मग त्याच्या तोंडून सांगते.
मांजरेच्या काठाला, गाळपेरात
कोण जाणार फोन घेऊन?
"मंग मान्सं धुंडून दे आदी," त्या म्हणाल्या.

पाणी दिलं. बसल्या. बस गेली लातूरची.
पुन्हा पाहिलं तर ठिपका होता,
आत्ताचा, आणि कुठे,
तर माझ्याच दुकानावर.
मी खुर्चीखाली वाकून पाहिलं, खरंच पाहिलं.

रसवंतीच्या मागे चिपाडाच्या ढिगात
ठिपकी पुढचे दोन पाय वर रोवून उभी,
ओठ चिकट, डोळे अर्धे मिटलेले,
घुंगरू रसयंत्राच्या घुंगरांत हरवलेलं.
हसीनाबींनी आधी बटन चाचपलं.
मग शेळीचा कान पिळला.
मग तोच कान कुरवाळला.

निघताना दारात थांबल्या.
"त्या रबराचे साठ रुपये हैत तुझ्याकडं.
ऱ्हाऊ दे.
चिपाडाचं काय आसंल ते
ह्या रसवाल्याला तू दे."