पक्कड

सत्तावीस वर्षं मी सायाळीला ओळखतो
ते कुत्र्यांच्या तोंडावरून.

तांबडं फुटायच्या आत कुणीतरी येतं दवाखान्याच्या पायरीशी,
पोत्यात गुंडाळलेलं कुत्रं, वर धनी मान खाली घालून.
"शेरडामागं गेलतं जी."
शेरडाला काटे नसतात हे त्यालाही ठाऊक, मलाही.
त्याच्या सदऱ्याला ओल्या गवताच्या धुराचा वास,
मिरचीच्या धुराचाही.
मी विचारत नाही. जबडा बांधतो, पक्कड घेतो.
काटा गेला तसा ओढायचा, सरळ, न पिळता;
मोडला तर आत राहतो आणि पू धरतो.
एकदा एकाच नाकाडातून एक्केचाळीस काढले.

ते मी बरणीत ठेवतो. काळा-पांढरा, काळा-पांढरा.
बरणी बघून लोक विचारतात,
"बाणागत मारती म्हणं लांबनं?"
कुणाला एक हवा असतो भावकीच्या चौकटीत खोचायला,
म्हणजे त्यांच्यात भांडणं लागतील.
(त्यासाठी काटा कशाला लागतो, तीन गुंठे पुरतात.)

ती मारत नाही हो. ती सांगते आधी.
पाय आपटते, शेपटीची पोकळ पिसं खुळखुळवते,
पाठ करते तुमच्याकडं,
आणि नाहीच ऐकलं तर मागल्या मागं धावत येते.

हे सगळं ऐकीव. जित्ती मी पाहिली
ती परवाच्या मार्गशीर्षात, रात्री साडेअकराला.
दुधाच्या टेम्पोत डालग्याखाली झाकून
दस्तगीर मुजावर घेऊन आला.
साळवणच्या अलीकडं, उसाच्या ट्रॉलीची धडक.
"डॉक्टर, बघा की. फुसफुसाय लागलीया."
डॉक्टर म्हणतात मला. मी ड्रेसर आहे.

पुढचा पाय सुजलेला, मोडला नव्हता.
वरून घोंगडं टाकून कुशीकडनं हात घातला,
तिथं काटा नाही, नुसते राठ केस,
आणि बगलेत, जिथं मला काही सापडायला नको होतं,
आचळ.
पोटाला नव्हे. बाजूला, खांद्याच्या मागं.
बोटाला दूध लागलं.

वनरक्षक खोत मॅडमना फोन लावला.
झोपेतच म्हणाल्या, "कोल्हापूरला आणू नका.
जिथं सापडली तिथंच. आजच्या आज. मी निघते."

कुंभीच्या काठानं, टॉर्च जमिनीकडं धरून चाललो.
बिळाच्या तोंडाशी माती पायाखाली दडस झालेली,
एका रताळ्याचा अर्धा तुकडा,
आणि हाडं.
म्हशीचं मांडीचं हाड, कडेला रंधा मारावा तसं कुरतडलेलं.
मॅडम म्हणाल्या, चुन्यासाठी कुरतडतात, दातही झिजतात त्यानं.
मी आयुष्यभर व्यायलेल्या म्हशींना
कॅल्शियमच्या बाटल्या चढवत आलो,
आणि इथं एक मेलेली म्हैस
कुणाच्या तरी अंगावर येत होती.

डालगं उचललं. ती लगेच गेली नाही.
आतून खुळखुळ आली, जाड.
नर असावा. जोडीनं राहतात म्हणे, पिल्लं दोघं सांभाळतात.
मग हिनं तीन पायांवर लंगडत पाठ केली आम्हाला,
काटे उभे करून,
दस्तगीर दोन पावलं मागं सरकला,
आणि ती तशीच, मागं मागं, बिळात.
मॅडमनी बिळावर टॉर्च धरू दिला नाही.

आठवड्यानं पुन्हा पायरीवर पोतं.
तोच वास. "शेरडामागं..."
मी जबडा बांधला. तेरा काटे.
त्यात एक आखूड, मऊसर, अजून न पिकलेला.
तो हातात धरून बराच वेळ बसलो.
"कुठलं बीळ?" विचारलं.
त्यानं कुत्र्याकडं बघितलं.

रजिस्टरात 'कारण' म्हणून एक रकाना आहे.
आजवर तिथं मी 'काटा' लिहीत आलो.
त्या दिवशी 'धूर' लिहिलं,
खाली त्याचं नाव, गाव, आणि त्याच्यासमोरच
खोत मॅडमचा नंबर फिरवला.
तो म्हणाला, "कुत्र्याचं तरी पुरं करा."
केलं. कुत्र्याचा काय दोष.
पक्कड उकळत ठेवली.