वरच्या फळीवर

हा आकडा मी याआधी तीनदा आणला होता घरी.
पहिल्यांदा थँक्सगिव्हिंगला.
आई टर्कीवर चमच्याने रस घालता घालता
शेजारच्या मिसेस सालोला सांगत होती,
"आमची ब्रिटा मास्टर्स झाली."
मास्टर्स हा शब्द ती असा उच्चारते
जसं नवं भांडं कुणी टिचकी मारून वाजवून दाखवावं.
आकडा कोटाच्या खिशातून तसाच परत नेला.

दुसऱ्यांदा कर्टच्या वाढदिवसाला.
माझा भाऊ लाकडांच्या ट्रकवर असतो,
कॉलेजची पायरी चढला नाही, कुणाचं एक डॉलर देणं नाही.
केकचा तुकडा माझ्या ताटलीत ठेवत म्हणाला,
"आमच्यात हुशार ही."
तिसऱ्या वेळी काहीच निमित्त नव्हतं.
नुसतीच तोंडाला कोरड.

मी तोतऱ्या मुलांना बोलायला शिकवते.
शब्द अडला तर ढकलायचा नाही, सांगते त्यांना,
आधी श्वास सोडायचा,
मग शब्द त्याच्यावर अलगद ठेवायचा,
ओढ्यात पान ठेवतात तसा.
एवढं शिकायला मला एकसष्ट हजार चारशे डॉलर लागले.
चार वर्षं हप्ते भरते आहे.
मुद्दल बसलंय जागच्या जागी,
व्याज मात्र वाढत्या अंगाचं.

डेलाने सांगून टाकलं होतं.
तिच्या आईने घर दुसऱ्यांदा गहाण ठेवलं,
आता दोघी फोनवर फक्त हवामानाचं बोलतात.
इव्हाननं नाही सांगितलं.
त्याच्या लग्नात वडील माईक घेऊन म्हणाले,
माझ्या पोरानं कधी कुणापुढे हात पसरला नाही.
तेव्हाच्या इव्हानच्या हसण्याचा फोटो आहे माझ्याकडे.
मी तो पुन्हा पुन्हा बघते.
दोघांतलं कोण बरोबर, अजून सांगता येत नाही.

शनिवारी बाबांनी सौना तापवला.
बाहेर कालव्यावरचा बर्फ तडकत होता, मध्येच बंदुकीसारखा.
आमच्या हॅनकॉककडे भांडण सौनात नेत नाहीत.
पण अवघड गोष्ट नेली तर चालते,
अंधार असतो, कुणाचं तोंड कुणाला दिसत नाही.
वरच्या फळीवर आम्ही दोघं, टॉवेल गुंडाळून.
बाबांनी दगडांवर पळीभर पाणी ओतलं.
वाफ कानामागे चावली.
मी श्वास सोडला.
आकडा त्याच्यावर ठेवला.

दगड चुरचुरत राहिले.
बाबा बत्तीस वर्षं काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ काढतात,
पुढे काढावा तर मागे पडतच असतो,
त्याचं त्यांना नवल वाटत नाही.

"व्याज काय दराने?"
"सहा पूर्णांक आठ."
पुन्हा एक पळी पाणी.
मग म्हणाले, "मी बोट विकणार नाही."

ती हिरवी, अठरा फुटी बोट,
जिच्यात ते मला बोट धरून चढवायचे.
ती विकून टाकतील एका सकाळी, कुणाला न सांगता,
याच भीतीने मी चार वर्षं गप्प होते.
आणि आता नाही म्हणाले तर,
खोटं कशाला सांगू,
टोचलं.
अगदी क्षणभर. पण टोचलंच.
मग खांद्यावरून काहीतरी खाली ओघळलं,
घामच असेल.

"हप्ता कितवीला?"
"चौदाला."
"चौदाला फोन करत जा."
"आणि आईला?"
"आईला तू सांग," बाबा म्हणाले,
"तिथे मी येणार नाही."

बाहेर आलो तेव्हा दोघांच्या अंगातून वाफा निघत होत्या.
ताडपत्रीखाली बोट पालथी पडलेली,
बाबांनी जाता जाता तिच्यावरचा बर्फ तळव्याने झटकला,
थोडासाच, सवयीने.

स्वयंपाकघरात दिवा होता.
आई खिडकीशी पेले पुसत उभी.
मी आधी श्वास सोडला.
तो पांढरा होऊन
माझ्यापुढे जरा वेळ तसाच थांबला.