खडीचं तळं

ब्रेमेनच्या अलीकडे, पेट्रोलपंपाच्या मागे
कुंपणाची जाळी एका जागी कुणीतरी कापलेली आहे.
कापल्यालाही वर्षं झाली असावीत,
तारेची टोकं आता कुणाला टोचत नाहीत.

वाकून आत गेलं की बर्चची झाडं,
टिश्यूपेपरचे बोळे, एक घसरडा उतार
आणि मग एकदम
इतकं पाणी.

घडीच्या खुर्चीवर हिन्नर्क गळ टाकून बसलाय.
डाव्या कानानं त्याला ऐकू येत नाही,
म्हणून तो डावा कान रस्त्याकडे ठेवतो.
"आमचं राईचं शेत होतं," तो पाण्याला सांगतो,
मी मध्ये उभी म्हणून मलाही.
"मी अकरा वर्षांचा. तीन उन्हाळे खणत होते.
वाळू, खडी, सगळं तिकडे नेलं, भरावाला.
मग एक दिवस पंप बंद केले
आणि पाणी आपलं आपण वर आलं.
कुणी बोलावलं नव्हतं."

म्हणजे आत्ता ज्यावरून मी आले, ताशी एकशे तीसनं,
ते हे होतं.
हाच खड्डा उपडा करून
हांबुर्गपर्यंत अंथरलाय.

पलीकडे एक ट्रकवाला उघड्या अंगानं शर्ट धुतोय.
"झिगिमांतास. लिथुआनियाचा. दर दुसऱ्या गुरुवारी."
पंचेचाळीस मिनिटांची सक्तीची विश्रांती,
त्यातली वीस गेलेली.
शर्ट पिळून तो फोन काढतो,
हात लांब करून पाणी दाखवतो कुणाला तरी,
सावकाश, डावीकडून उजवीकडे,
ट्रकांची टपं दिसायच्या आत थांबतो.
मग मला हातानं खुणावतो : जरा बाजूला.

मी झाडामागे होते.
हिन्नर्कही मान खाली घालतो,
टोपीसकट लव्हाळ्यात.
"पोरीला सांगतो समुद्र आहे," तो पुटपुटतो,
"गाड्यांचा आवाज जातो ना तिकडे.
लाटा म्हणून."

फोनमधून एक बारीक किंकाळी येते, आनंदाची.
बगळा उडतो. त्याचा काही संबंध नसावा.

हिन्नर्कच्या बादलीत नुसतंच पाणी.
मासे आहेत म्हणतो,
कुणी सोडले माहीत नाही.

गाडीत बसले. बुटात वाळू,
खिशात स्वच्छतागृहाचं कुपन, कॉफीवर सवलतीचं.
काच वर करण्याआधी थोडा वेळ ऐकत राहिले.
गुरुवार, संध्याकाळचे पाच.
भरती होती.