एकच रेघ

अंबडला, बंद पडलेल्या कंपनीमागं, रविवारी पहाटे
कुणाल थेटेनं कॉन्टेसा आणली.
पोटात परदेशी आठ सिलिंडर, गिअर ऑटोमॅटिक.
क्लचच नाही, तर झटक्यात सोडायचं काय?

इलियासचाचा म्हणाले, डावा पाय ब्रेकवर रोव,
उजवा दाबत जा.
गाडी थरथरली, एका अंगाला कलली,
आणि मागचं उजवं चाक किंचाळलं.
धूर वॉचमनच्या चहापर्यंत.
डावं ढिम्म,
देवळाबाहेर चपला राखत बसलेल्या पोरासारखं.

खाली काँक्रीटवर एकच काळी रेघ.
कुणालचं तोंड उतरलं. एवढा खर्च, आणि एकच?
चाचांनी गरम रबराचा चुरा उचलला, फुंकला.
"डिफरन्शियल साधं आहे, बेटा.
ज्याची पकड सुटते, सगळा जोर तिकडंच पळतो."

सगळे हसले.
मला आईची आठवण झाली,
धाकट्याच्या बाइकच्या आवाजासाठी
रात्ररात्र खिडकीशी.
मी वेळेवर यायचो, ताट वाढून घ्यायचो,
आतूनच विचारायची: कडी लावलीस का?

कुणाल पाना शोधत होता.
मी डाव्या टायरवर हात ठेवला.
गार. नवाकोरा.
रबराचे बारीक केसही
अजून झडले नव्हते.