चाव्या माझ्याकडे असतात

बेलमलेटच्या आरोग्य केंद्राला एकूण सतरा कुलपं.
सतराही चाव्या माझ्याकडे.
तारखा माझ्याकडे नसतात.
तारखा कॅसलबारला असतात, नाहीतर डब्लिनला,
नाहीतर कुठेच नसतात.
हे मी डर्व्हलाला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा जीभ वळली नाही.

नऊ नंबरची खोली मुलांची.
छताच्या हुकाला निळा कापडी झोका,
कोपऱ्यात वाळूची पेटी,
भिंतीवर आरसा, इतका खाली लावलेला
की त्यात मला माझे गुडघेच दिसतात.
इथली थेरपिस्ट पर्थला गेली, त्याला दोन हिवाळे झाले.
तिचा कप अजून खिडकीत आहे.
दारावर कागद: पद रिक्त.
मी दर गुरुवारी आत जाऊन धूळ पुसतो.
धूळ वेळेवर येते.
तिला अपॉइंटमेंट लागत नाही.

डर्व्हला गॉहन ब्लॅकसॉडहून येते, बसने,
समुद्राचा वारा अंगावर घेऊन,
हाताशी फिआक्रा.
तपासणीचा अर्ज भरला तेव्हा तो तीन वर्षांचा.
अर्जात विचारलं होतं: मूल किती शब्द बोलते?
तिने शून्य लिहिलं, मग खोडलं,
मग शेजारी लिहिलं, "पण ऐकतो."
कायद्यात सहा महिने म्हटलेत, ती सांगते.
त्याच्या बुटांचे पाच जोड झाले तोवर,
पाचवा आता अंगठ्याला चावतो.

मंगळवारी पत्र आलं.
तिने ते मलाच वाचायला दिलं,
जणू माझ्या तोंडून काही वेगळं निघेल.
"आपल्या पाल्याचे वय सहा वर्षे पूर्ण झाल्यामुळे
त्याचे नाव या यादीतून कमी करण्यात येत आहे.
मोठ्या मुलांच्या यादीसाठी कृपया नव्याने अर्ज करावा."
मी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. तेच होतं.

फिआक्राने तोवर नऊ नंबरच्या काचेला
कपाळ टेकवलं होतं.
काचेवर त्याचा श्वास उमटायचा, विरायचा, उमटायचा.
बसला अजून पंचवीस मिनिटं.
डेस्कवरची मुलगी जेवायला गेलेली.
आणि माझा हात आधीच जुडग्यात शिरलेला,
सतरांतली ती एक न बघता सापडली.

तो झोक्यात बसला नाही.
झोक्याखाली आडवा झाला,
कापडाची कड तोंडावर ओढून घेतली,
बराच वेळ नुसता निळ्यात राहिला.
मग आत शिरला. मी हळूच ढकललं.
मला बॉयलर कळतो, तुंबलेला पाइप कळतो,
मुलाला किती जोराने झुलवायचं ते कुणी शिकवलेलं नाही.
पण तो हूक मी दर महिन्याला आवळतो.
तेवढी खात्री होती.

आणि तो गुणगुणायला लागला.
सूर चोख. कुठेतरी ऐकलेला.
मी डर्व्हलाकडे बघितलं.
"फोनची धून," ती म्हणाली.
"होल्डवर ठेवतात ना, तेव्हाची.
स्पीकर चालू ठेवून मी भांडी घासते."
मध्ये जिथे ती धून खरखरते
तिथे तो खरखरला,
जिथे तुटते तिथे थांबला,
आणि पुन्हा पहिल्यापासून.
ती हसायला गेली, आणि तिला हसू पुरलं नाही.

बसचा हॉर्न वाजला तेव्हा
बूट घालून घ्यायला तो तयार होईना.
तसाच गेला, मोज्यांवर,
बूट आईच्या पिशवीत, अर्जाच्या कोऱ्या प्रतीवर.

माझ्या वहीत एक रकाना आहे:
खोली वापरात आहे का?
दोन वर्षं मी तिथे "नाही" लिहीत आलोय,
हाताला सवय झाली होती.
मंगळवारी "होय" लिहिलं.
वेळ: वीस मिनिटं.
सही केली, कोलमन पॅडन.

गुरुवारी धूळ पुसली.
काचेवरचा कपाळाचा डाग तेवढा राहू दिला.
कुणी विचारलंच, तर म्हणेन
तिथवर हात पोचला नाही.
वाकायला होत नाही हल्ली.